आकारिक मूल्यमापनाला राज्याची आणि जिल्ह्याची साथ कशी मिळवायची : ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांसाठी

हे मी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि केंद्रप्रमुखांसाठी लिहितेय, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक वाचत असतील तर अजून छान. विषय आकारिक मूल्यमापनाचा आहे पण वर्णनात्मक नोंदी कशा लिहायच्या, रकाने कसे भरायचे ते इथे नाही, त्याचे तयार नमुने व्हॉट्सअॅपवर भरपूर फिरतायत. मला सांगायचंय ते वेगळं आहे. एकटी शाळा हे काम फार दिवस नीट चालवू शकत नाही. दोन-तीन शिक्षक मनापासून करतात तोवर चालतं, मग कोणाची बदली होते, कोणाला निवडणुकीचं काम लागतं, आणि सगळं परत नोंदवहीपुरतं उरतं. टिकवायचं असेल तर केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट), तालुका, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), महापालिकेचा शिक्षण विभाग आणि पुण्याची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) या सगळ्यांची साथ लागतेच. ती आपोआप येत नाही, मागावी लागते, आणि नेमकं काय मागायचं हे आपल्याला स्पष्ट पाहिजे, नाहीतर वरून आणखी एक लिंक येते आणि आधीच दमलेला शिक्षक अजून दमतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या

मुलं शिकत असतानाच कोणाला काय कळलंय, कोण कुठे अडलंय ते शोधायचं आणि त्यावरून पुढचं शिकवणं बदलायचं, याला आकारिक म्हणायचं. घटक संपल्यावर मार्क देणं म्हणजे आकारिक नाही, मग ती चाचणी कितीही छोटी असू दे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या शिक्षण खात्यांनी एकत्र बसून २००६ मध्ये याची एक व्याख्या ठरवली, २०१८ मध्ये ती सुधारली, आणि सुधारताना शिक्षकाच्या बरोबरीने विद्यार्थ्यालाही त्यात आणलं, म्हणजे आपण कुठे आहोत आणि पुढे काय करायचं हे मुलाला स्वतःला समजलं पाहिजे. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण आपल्याकडे नोंद मुलाबद्दल असते पण मुलाला ती कधी दिसतच नाही.

आपल्याकडे कायद्याचा आधार आधीपासून आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन लिहिलेलंच आहे, आणि आपल्या राज्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. त्यात पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४०-६०. साधनं पण आठ दिलीयत, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर ज्यात स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य येतं. म्हणजे कोणी साहेब येऊन म्हणाले की तुम्ही पाट्यांवर उत्तरं काय घेत बसलाय, तर शांतपणे हा निर्णय पुढे ठेवा. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर त्याची प्रिंट पाहिजेच.

अडचण कुठे झाली तर हे ७०-३० चं प्रमाण शेवटी मार्कांत बसवायला लागतं, म्हणून मग बऱ्याच ठिकाणी आकारिक म्हणजे पण मार्कच झाले, सत्र संपताना एकदम बसून भरायचे. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते : या माहितीमुळे उद्याचा तास बदलला का? बदलला तर ते आकारिक. नाही बदलला तर ती फक्त नोंद. राज्याकडून, जिल्ह्याकडून जे जे येईल, चाचणी, प्रशिक्षण, ॲप, भेट, त्या सगळ्याला हाच प्रश्न लावायचा. आणि आपण जी मदत मागणार ती पण उद्याचा तास बदलायला उपयोगी पडेल अशीच मागायची.

वर जाण्याआधी हातात काहीतरी घेऊन जा

रिकाम्या हाताने ‘आम्हाला मार्गदर्शन पाहिजे’ म्हणून गेलात तर मोठ्या हॉलमध्ये दिवसभराचं प्रशिक्षण मिळेल, पीपीटी मिळेल, सर्टिफिकेट मिळेल. वर्गात काही बदलणार नाही. त्यापेक्षा आधी एक अगदी छोटं काम करून त्याचा पुरावा तयार करा. मी चौथीला शिकवते म्हणून गणितातलं उदाहरण देते.

हातच्याची वजाबाकी. आपण मुलांना सहज ४०२ – १५७ असं काहीतरी देतो. बरोबर उत्तर २४५. वर्गातली बरीच मुलं ३५५ आणतात, आपण चूक असा शेरा मारतो आणि परत सगळ्यांना तेच शिकवतो. पण ३५५ दोन वेगळ्या वाटांनी येतं. एका मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, सातातून दोन, पाचातून शून्य, चारातून एक. दुसऱ्याने हातचा घेतला, बारातून सात, दहातून पाच, पण ज्या घरातून घेतला तिथला आकडा कमी करायचा विसरला. उत्तर दोघांचं ३५५. पहिल्याला हातच्याची गरजच कळलेली नाही, दुसऱ्याला कळलीय पण अर्धवट. दोघांना उद्या वेगळं शिकवायला हवं आणि हा प्रश्न आपल्याला त्यांच्यातला फरक दाखवतच नाही.

आता ४३२ – १५७ द्या. बरोबर उत्तर २७५. मोठ्यातून लहान करणाऱ्याचं येईल ३२५. हातचा घेऊन कमी करायला विसरणाऱ्याचं येईल ३८५. कोणी ५८९ आणलं तर त्याने बेरीजच केली, म्हणजे चिन्हाकडे लक्ष नव्हतं. एक प्रश्न, पाटीवर उत्तर, सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या, एका नजरेत वर्ग कळतो. मग ३२५ वाल्यांना दशक दांडे आणि सुटे मणी घेऊन बसवा, दोन सुट्यांतून सात कसे काढशील विचारा, ते स्वतःच दांडा सोडायला मागतात. ३८५ वाल्यांना दांडे काढायची फारशी गरज नसते, त्यांना जोडीदाराला मोठ्याने सांगत सांगत उदाहरण सोडवायला लावलं की ‘तीनाचे दोन झाले’ हे तोंडातून निघतं आणि हाताला सवय लागते. ज्यांचं २७५ आलंय त्यांना आता ४०२ – १५७ द्या, शून्यातून हातचा कसा घ्यायचा हे त्यांच्यासाठी खरं आव्हान आहे.

आणि नोंद लिहायची तर अशी : ‘तीन अंकी वजाबाकीत दशकस्थानी शून्य आलं की थांबतो, शतकाची पाटी सोडवून दहा दांडे केल्यावर जमलं, सोमवारी साहित्याशिवाय परत बघायचं.’ ही नोंद दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या हातात दिली तरी तो तिथून पुढे शिकवू शकतो. ‘गणितात प्रगती समाधानकारक’ यातून त्याला काय मिळणार?

मुलाच्या वहीत पण हेच थोडक्यात लिहा, आणि त्या कामावर मार्क देऊ नका. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे, ज्या मुलांना फक्त लेखी सूचना मिळाल्या ती पुढे सुधारली, ज्यांना सूचना आणि मार्क दोन्ही मिळाले त्यांना त्या सूचनांचा फायदा झाला नाही. आपल्या वर्गात पण बघा, मार्क दिसले की मूल शेजाऱ्याचे मार्क बघतं आणि वही मिटते.

असं दोन-तीन आठवडे करा, शाळेतल्या किंवा केंद्रातल्या तीन-चार शिक्षकांनी मिळून. सगळ्यांनी तोच प्रश्न वापरायचा, पाट्यांचे फोटो काढायचे किंवा अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, मधल्या सुट्टीत चुकांचे गट करायचे आणि पुढच्या दिवशी काय बदललं ते दोन ओळीत लिहायचं. हे गाठोडं घेऊन वर जायचं.

आपल्या डोक्यावर नेमकं कोण आहे ते समजून घ्या

ठाणे जिल्ह्यात हे सोपं नाहीये आणि बऱ्याच शाळा चुकीच्या दारात उभ्या राहून महिने घालवतात. जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर आणि भिवंडी-निजामपूर. शाळा महापालिकेची असेल तर नेमणूक, पैसा, साहित्य सगळं महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून, जिल्हा परिषदेकडून नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्याचा ग्रामीण भाग, कल्याण आणि अंबरनाथचा ग्रामीण भाग इथल्या शाळा जिल्हा परिषदेच्या, तिथे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी प्राथमिक अशी साखळी. खाजगी अनुदानित हायस्कूलला जोडलेले पाचवी ते आठवीचे वर्ग असतील तर बरेचदा पत्रव्यवहार शिक्षणाधिकारी माध्यमिकांकडे जातो, त्यामुळे पत्र टाकण्याआधी आपल्या क्लार्कला एकदा विचारून घ्या.

नवी मुंबईवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, ती ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल बोलताना आपण नवी मुंबईच म्हणतो पण तो रायगड जिल्हा आणि पनवेल महापालिका. म्हणजे बेलापूरच्या शाळेचं डाएट ठाणे जिल्ह्याचं, ते बदलापूरजवळ रहाटोलीला, आणि रस्त्याच्या पलीकडच्या खारघरच्या शाळेचं डाएट रायगडचं, ते पनवेलला.

डाएट शैक्षणिक बाजूने एससीईआरटीशी जोडलेली आहे आणि तिचं काम अख्ख्या जिल्ह्यासाठी आहे, फक्त जिल्हा परिषद शाळांसाठी नाही. महापालिका शाळांना हे खूपदा माहीतच नसतं, त्यांना वाटतं डाएट आपलं नाही. आहे! हक्काने मागा. तिथे प्राचार्य, वरिष्ठ अधिव्याख्याते, अधिव्याख्याते आणि विषय सहायक असतात, बहुतेक तालुक्यांना एक संपर्क अधिकारी दिलेला असतो, त्यांचं नाव केंद्रप्रमुखांना माहीत असतं.

पॅटचा उपयोग करून घ्या, पण त्यालाच आकारिक समजू नका

स्टार्स हा जागतिक बँकेच्या मदतीने सहा राज्यांत चाललेला शालेय शिक्षण सुधारणेचा प्रकल्प, त्यात महाराष्ट्र होता, आणि त्यातूनच २०२३-२४ पासून आपल्याकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या म्हणजे पॅट सुरू झाल्या, पायाभूत चाचणी आणि मग संकलित एक आणि दोन, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. गुण विद्या समीक्षा केंद्राच्या (शाळांची माहिती एकत्र करणारं राज्याचं केंद्र) चॅटबॉटवर भरायचे. शिक्षकांचा यावरचा वैताग मला समजतो, नेटवर्क नसतं, शेवटच्या तारखेला सगळ्यांची एकदम गर्दी होते. पण प्रश्नपत्रिका अध्ययन निष्पत्तीवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्यावर, बेतलेली असते आणि उत्तरपत्रिका आपल्या हातात असतात, हे खरं धन आहे. गुण भरून झाले की गठ्ठा कपाटात टाकू नका. प्रत्येक विषयातले फक्त दोन प्रश्न निवडा, जिथे सगळ्यात जास्त मुलं चुकलीयत ते, आणि तीस उत्तरपत्रिका टेबलावर पसरून कोणी काय लिहिलंय ते बघा, वर वजाबाकीचं केलं तसंच. एकट्याने करू नका, समांतर वर्गाचा शिक्षक सोबत घ्या.

प्रत्येक परीक्षेचं काम वेगळं हे पालकांनाही सांगावं लागतं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं, परख या एनसीईआरटीतल्या मूल्यांकन केंद्राचं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी, नववीचं झालं, ही नमुना सर्वेक्षणं आहेत, त्यातून राज्य आणि जिल्हा कुठे आहे ते कळतं, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा कुठे अडलाय ते त्यातून कळणार नाही. पॅटमधून वर्गाचा अंदाज येतो. आणि आज दुपारी काय शिकवायचं ते फक्त पाटीवरून कळतं. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की जिल्हा शाळेला सर्वेक्षणाच्या सरावपत्रिका सोडवायला लावतो आणि महिनाभर शिकवणं थांबतं. अशी वेळ आली तर मुख्याध्यापकांनी सरळ नाही म्हणण्यापेक्षा पर्याय द्यावा, ‘साहेब, सरावपत्रिकेतले हे चार प्रश्न आम्ही रोजच्या तासात घेतो आणि चुकांचं विश्लेषण तुम्हाला दाखवतो.’ बहुतेक अधिकारी ऐकतात, कारण त्यांनाही वरच्या बैठकीत दाखवायला काहीतरी ठोस हवं असतं.

पाचवी आणि आठवीच्या शिक्षकांवर आता वेगळं दडपण आहे. डिसेंबर २०२३ च्या निर्णयानंतर या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणून काही शाळांत आकारिकला वेळच उरत नाही म्हणतात. मला उलट वाटतं, ज्या मुलाचं वर्ष जाण्याची भीती आहे त्याची अडचण मार्चमध्ये कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळायला नको का!

डाएटला पत्र कसं लिहायचं

मोघम लिहू नका. तुमच्याकडे पाट्यांचे फोटो आणि चुकांचे गट आहेत, ते जोडा, आणि एकच गोष्ट मागा. साधारण मजकूर असा ठेवा :

‘विषय : इयत्ता चौथी व पाचवी गणित, वर्गस्तरावर आकारिक मूल्यमापनासाठी मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, आमच्या केंद्रातील चार शाळांच्या शिक्षकांनी हातच्याच्या वजाबाकीवर समान प्रश्न वापरून विद्यार्थ्यांच्या चुकांचे गट केले व त्यानुसार अध्यापनात बदल केला. नमुने सोबत जोडले आहेत. पुढील सत्रात महिन्यातून एकदा आपल्या गणित विषय सहायकांनी एका वर्गात पूर्ण तास बसून निरीक्षण करावे व त्यानंतर आम्हा शिक्षकांसोबत एक तास चर्चा करावी, ही विनंती. या भेटी तपासणीच्या स्वरूपाच्या नसाव्यात.’

शेवटचं वाक्य गाळू नका. भेट तपासणीची झाली की शिक्षक पाठ केलेला तास दाखवतो आणि मुलं पण तयार उत्तरं देतात. पत्र महापालिका शाळेने शिक्षण विभागामार्फत आणि जिल्हा परिषद शाळेने गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवायचं, आगाऊ प्रत थेट डाएटला. पोच घ्या. आठवड्याने फोन करा. फोनवर तारीख ठरवूनच ठेवा, ‘बघतो’ म्हणाले तर दोन तारखा आपणच सुचवा.

रहाटोलीहून ऐरोलीला किंवा मीरा रोडला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, डाएटमध्ये पदंही रिकामी असतात, म्हणून दर महिन्याचा आग्रह धरून बसू नका. पहिल्या भेटीनंतर बाकीच्या चर्चा व्हिडिओ कॉलवर घ्या, पाट्यांचे फोटो आधी पाठवून ठेवा. शहर साधन केंद्रातले विषय साधनव्यक्ती जवळ असतात, त्यांना पहिल्या भेटीपासून सोबत बसवा म्हणजे पुढे ते चालवू शकतात.

शिक्षण परिषदेचा अजेंडा बदलून घ्या

महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद होते, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाया जाणारा वेळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सूचना वाचून दाखवायच्या, युडायसची (शाळांची सरकारी वार्षिक माहिती) माहिती अपुरी कोणाची त्यांची नावं घ्यायची, चहा, सही. सूचना ग्रुपवर आलेल्याच असतात. केंद्रप्रमुखांना विनंती करा की पहिला दीड तास फक्त मुलांच्या कामासाठी ठेवा. पद्धत अशी : इयत्तेनुसार गट करायचे, प्रत्येकाने आपल्या वर्गातले पाच-सहा नमुने आणायचे, नाव झाकून. आधी सगळ्यांनी गप्प राहून बघायचं आणि मुलाने काय विचार केला असेल ते सांगायचं, ‘लक्ष देत नाही’, ‘घरी कोणी घेत नाही’ असली वाक्यं त्या वेळात चालणार नाहीत. मग उद्या काय करू ते प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं आणि पुढच्या परिषदेत सुरुवात त्याच ओळीपासून, केलं का, काय झालं.

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या शिक्षण खात्याने २००८ पासून साधारण याच धर्तीवर ‘फेम’ नावाचा कार्यक्रम चालवलाय, शिक्षकांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक प्रशिक्षित मार्गदर्शक, आणि गट नियमित भेटत राहतो, राज्याचं काम मार्गदर्शक तयार करायचं आणि साहित्य द्यायचं, जिल्ह्याचं काम शिक्षकांना भेटायला वेळ काढून द्यायचा. आपल्याकडे केंद्र आणि परिषद ही रचना आधीपासून तयार आहे, त्यांना मुद्दाम गट उभे करावे लागले. आपल्याला फक्त आहे त्या वेळेत काय करायचं ते बदलायचंय.

सहाध्यायी भेटी पण यातच बसतात. तुमच्या केंद्रातला एक वर्ग निवडा, तीन शिक्षकांनी जाऊन तास बघायचा पण शिक्षकाकडे बघायचं नाही, प्रत्येकाने चार मुलं वाटून घ्यायची आणि ती काय लिहितात, कुठे थांबतात, कोणाचं बघून लिहितात ते टिपायचं. भिवंडी, कळवा, तुर्भे, दिघा इथल्या वर्गात घरची भाषा हिंदी, भोजपुरी, तेलुगू, कन्नड अशी कितीतरी असते, मूल गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही असं नसतं, प्रश्नच कळलेला नसतो. समोर उभ्या शिक्षकाला हे दिसणं अवघड, शेजारी बसलेल्याला लगेच दिसतं.

अधिकाऱ्यांसाठी थोडं

तुम्ही केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात असाल तर तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत ज्या शिक्षकाच्या हातात नाहीत. वेळ, शांतता आणि सातत्य. एकच माहिती सरल या राज्याच्या पोर्टलवर, गुगल फॉर्मवर आणि एक्सेलमध्ये अशी तीनदा मागवू नका, त्यातली एक बंद केली तरी शिक्षकाला आठवड्याचे तास परत मिळतात. भेटीला गेलात तर नोंदवही शेवटी बघा, आधी दोन मुलांना विचारा, ‘तू सध्या काय शिकतोयस, कुठे अडतंय?’ मुलाला सांगता आलं तर त्या वर्गात आकारिक चालू आहे, नोंदवही कोरी असली तरी. आणि वर्षाला एकच विषय, एकच इयत्ता-गट घ्या. जूनमध्ये भाषा, ऑगस्टमध्ये गणित, दिवाळीनंतर अजून काही नवीन अभियान, असं झालं की शिक्षक कशातच जीव ओतत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

शिक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलं की अर्ध्या वर्गाला भागाकार येत नाही, तर त्याला नोटीस देऊ नका, प्लीज. एका नोटिशीने अख्ख्या केंद्राच्या नोंदी खोट्या होतात. मी हे होताना बघितलंय, पुढच्याच महिन्यात सगळ्या वर्गांचे आकडे सुंदर झाले आणि मुलं होती तिथेच राहिली.

वीटभट्टीवर जाणारी मुलं

यावर थोडं थांबते कारण ठाणे जिल्ह्यात हा विषय टाळून आकारिकबद्दल बोलताच येणार नाही. शहापूर, मुरबाडकडची कातकरी आणि इतर कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मूल दोन शाळांत अर्धं अर्धं वर्ष असतं आणि दोन्हीकडे त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावतात. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, त्यावर मूल कोणत्या इयत्तेत होतं ते कळतं. पण आपल्याला हवंय ते मूल कुठे पोचलंय. म्हणून पत्रकासोबत एक चिठ्ठी जोडा, ‘जोडाक्षरं नसलेले शब्द वाचते, काना-मात्रा पक्क्या, जोडाक्षराला थांबते, वीसपर्यंत बेरीज बोटांवर जमते, वजाबाकी सुरू केली नाही.’ पालकांकडे द्या आणि तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोटो पाठवा. दोन तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा एकमेकांशी बोलून कोणत्या भट्टीला कोणती शाळा जवळची याची यादी केली तर हे आठ दिवसांत बसतं, आणि हे काम फक्त तालुका आणि जिल्हा पातळीवरच होऊ शकतं, शाळेला नाही जमत. बाकी काही नाही मागितलं तरी चालेल, हे मात्र मागाच.

पालक आणि ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो, हे विसरून आपण सगळं शिक्षकांच्या विनंतीवर चालवतो. समितीचा ठराव जोडलेलं पत्र वेगळ्या नजरेने वाचलं जातं. पण त्याआधी पालकांना दाखवावं लागतं. मार्क कुठायत, हा प्रश्न येणारच, घणसोलीत काय आणि वागळे इस्टेटमध्ये काय. सभेत भाषण देऊ नका, ४३२ – १५७ पालकांनाच सोडवायला द्या, मग ३२५ आणि ३८५ फळ्यावर लिहून ही दोन मुलं कशी चुकली ते शोधायला लावा. दहा मिनिटांत आया एकमेकींना समजावून सांगायला लागतात, आणि मग समग्र प्रगती पुस्तकातल्या नोंदी त्यांना वाचाव्याशा वाटतात. त्या दिवशीच ठराव घ्या, पत्रावर अध्यक्षांची सही घ्या.

कधी काय करायचं

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, तेव्हा कोणाला काही मागू नका, प्रवेश आणि पुस्तकवाटप चालू असतं. जुलैत तीन-चार शिक्षकांनी एक प्रश्न, एक घटक सुरू करा. ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत नमुने दाखवा आणि त्याच महिन्यात डाएटचं पत्र टाका म्हणजे गणपतीच्या आधी तारीख मिळायची शक्यता असते, त्यानंतर सहामाही लागते आणि मग दिवाळीची सुट्टी. महापालिका शाळांनी पाट्या, दशक दांडे, कागद असल्या साहित्याची मागणी दिवाळीनंतर लगेच द्यावी, अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास ठरतं, तिथे आधी नाव गेलं नसेल तर एप्रिलमध्ये काही मिळत नाही. जिल्हा परिषद शाळांनी तोवर संयुक्त शाळा अनुदानातून काय बसतंय ते मुख्याध्यापकांशी बोलून बघावं, पाट्या आणि चिठ्ठ्यांचे कागद यांचा खर्च तसा फार नाही. एप्रिलमध्ये वर्ग सोडताना प्रत्येक मुलाची शेवटची खरी नोंद पुढच्या वर्गशिक्षकाला हातात द्या, कपाटात नको, आणि समोरासमोर अर्धा तास बसा, कारण बदल्या झाल्याच तर तो अर्धा तास परत मिळत नाही.